पाणी उतरलेलं पातं

"ताई, ह्याचं पाणी उतरलंय," काका म्हणाले आणि माझ्या रंध्याचं पातं त्यांनी परत माझ्या तळहातावर ठेवलं.

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार, खंडेनवमी. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि पूजा चार वाजता होती. ज्या पात्यापायी मी महिन्याभराचे रविवार घातले होते, त्याच्या उजव्या कोपऱ्यावर मोरपिशी निळ्या रंगाचा एक डाग होता. उजेडात तिरकं धरलं की तो चमकायचा. महिनाभर मला तो दागिन्यासारखा वाटत होता. मी त्याचे फोटोसुद्धा काढले होते.

आम्ही पुण्यातले अकराजण नुसत्या हातानं लाकूडकाम करतो. म्हणजे करवत, रंधा, पटाशी, गिरमिट. वीज फक्त दिव्याला आणि चहाच्या किटलीला. यात एक दंतवैद्य ताई आहेत, दोघे संगणकवाले, एक निवृत्त गणिताचे सर, बासऱ्या बनवणारा एक मुलगा, आणि बँकेत कर्जाच्या फायली बघणारी मी. हाताच्या कामाचं प्रेम वगैरे आम्ही बोलतो ते खरं आहे, पण निम्म्या लोकांनी हातकाम धरलं ते सोसायटीच्या कमिटीनं मशीनच्या आवाजावरून नोटीस लावल्यावर. दर दुसऱ्या रविवारी कोथरूडमधल्या एका बंगल्याच्या पार्किंगमध्ये जमतो. गाडी बाहेर काढायची, बेंच आत ओढायचा.

यंदा दसऱ्याला दोन दिवस जमायचं ठरलं. आमचा मूळ बेत असा होता: नवमीला सकाळी दहा मिनिटांत पूजा उरकायची आणि दिवसभर स्पर्धा. रंध्यानं लाकडाची सर्वात पातळ साल कोण काढतो, याची. कल्पना आमची नव्हेच. जपानमध्ये 'केझुरोकाई' नावाचे मेळावे १९९७ पासून भरतात. तिथे सुतार आणि हौशी लोक लांबच लांब तुळईवर रंधा ओढून मलमलीसारखी साल काढतात आणि तिची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजतात. चांगल्या हातांची साल दहा मायक्रॉनच्याही खाली जाते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन असतो, म्हणजे बघा. आमच्या दंतवैद्य ताईंकडे मायक्रोमीटर होता, तेवढ्या भांडवलावर आम्ही जपानशी बरोबरी करायला निघालो होतो.

काकांना फोन करून हा बेत सांगितला तर पलीकडे जरा वेळ शांतता.

"नवमीला पूजा झाली की हत्यार उचलायचं नाही. दसऱ्याला उचला. आमच्याकडे तसं आहे."

बेत उलटा झाला. नवमीला दुपारपर्यंत फक्त साफसफाई आणि धार, मग पूजा, मग हत्यारं झाकून घरी. स्पर्धा आणि बाकीचं काम दसऱ्याच्या सकाळी. संगणकवाल्यांपैकी एकजण कुरकुरला, नवमीची रजा फुकट गेली म्हणून. दसऱ्याला गांधी जयंतीची सुट्टी होतीच.

काका मुळशीकडचे. वय अडुसष्ट. उभं आयुष्य पेठांतल्या वाड्यांची दारं, खिडक्या, जिने दुरुस्त करण्यात गेलं. त्यांचे वडील गावचे सुतार, बलुत्यावरचे. नांगर, तिफण, गाडीची बाभळीची चाकं करून द्यायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य आणायचं. काका आमच्यात कसे आले ते सांगत बसत नाही. एवढंच सांगते की त्यांना आमची खूप मजा वाटते. पहिल्या दिवशी त्यांनी आमचा बेंच आणि त्याचा लोखंडी शिकंजा नीट फिरून पाहिला आणि विचारलं, "पाय कशाला दिलेत मग देवानं?" ते जमिनीवर बसतात, फळी पायाच्या अंगठ्यांत आणि टाचेखाली धरतात. त्यांची जुनी करवत ओढताना कापते, आमच्या सगळ्यांच्या ढकलताना कापतात.

आता माझा रंधा. ऑगस्टमध्ये जुन्या बाजारात घेतला, ६०० रुपयांना. सांगितले होते अकराशे. इंग्लंडातल्या शेफिल्डचा, ४ नंबरचा, पावणेदहा इंच लांब, पातं दोन इंच रुंद, पंचेचाळीस अंशात बसलेलं. या घडणीच्या लोखंडी रंध्याचं मूळ डोकं अमेरिकेतल्या लिओनार्ड बेलीचं. १८६०च्या दशकातली त्याची पेटंटं, पुढे सगळ्या जगानं नकला केल्या. इंग्लंडात झाल्या, आपल्याकडे पंजाबात झाल्या. माझा गंजून असा झाला होता की स्क्रू कुठे आहे ते बोटानं चाचपून शोधावं लागलं.

सुटे भाग करून ते लिंबू सत्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवले. एक लिटरला दोन मोठे चमचे पुरतात. सकाळी पाणी चहासारखं झालं होतं आणि लोखंड राखाडी. ते लगेच सोड्याच्या पाण्यात धुवून पुसून तेल लावावं लागतं, नाहीतर दहा मिनिटांत डोळ्यांदेखत परत तांबूस होतं. माझं एकदा झालंच, कारण मध्ये कुरिअरवाला आला. मग रंध्याचा तळ. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवायचा, तळावर पेन्सिलीनं रेघोट्या मारायच्या आणि घासायचं. जिथल्या रेघोट्या राहतात तिथे खड्डा. सगळ्या जाईपर्यंत घासायचं. दोन रविवार गेले. माझा उजवा खांदा तेव्हापासून पाऊस यायच्या आधी सांगतो.

इथपर्यंत मी शहाणी होते. पात्याला मोठी खोक पडली होती, तिचा मात्र मला कंटाळा आला. घराजवळच्या गल्लीत एकजण कात्र्या-सुऱ्यांना धार लावतो, त्याच्याकडे दिलं. त्यानं फिरत्या चाकावर धरलं, ठिणग्या उडाल्या, दीड मिनिटात खोक गायब. चाळीस रुपये. आणि वर तो सुंदर निळा डाग.

पोलादाला पाणी देतात म्हणजे काय हे मला वाचून माहीत होतं. लाल तापवून पाण्यात किंवा तेलात विझवलं की पोलाद काचेसारखं कडक होतं, मग थोडं पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करायचा. तापत जाताना त्याच्यावर रंग चढतात. आधी गव्हाच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास निळा. रंध्याच्या पात्याला पिवळ्याच्या आसपास थांबायचं असतं. निळ्यापर्यंत गेलं की ते स्प्रिंगला ठीक, धारेला नाही. हे सगळं मला पाठ होतं. पण डाग माझ्या पात्यावर असल्यामुळे मला तो रंग दिसला, तापमान दिसलं नाही. महिनाभर त्या कोपऱ्याची धार दहा हात मारले की दुमडायची आणि मी सागवानाला शिव्या घालायचे. सागवानात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते, हेही मला पाठ होतं ना.

काकांनी पिशवीतून कानस काढली. पात्याच्या डाव्या कोपऱ्यावर टेकवून ओढली तर ती काचेवरून नख जावं तशी घसरली. निळ्या कोपऱ्यावर ओढली तर कर्रकन लागली आणि चमकदार ओरखडा उठला.

"दोन मिलिमीटर मागे जावं लागंल."

"आज?"

"धार नसलेलं हत्यार मी पाटावर मांडत नाय. तुमचं तुम्ही ठरवा."

सर म्हणाले, ग्राइंडर आणू का शेजारून. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं फक्त. मग मला म्हणाले, "हातानं पोलाद कधी निळं पडत नाय, ताई. बसा."

मी बसले. पार्किंगच्या फरशीवर, मांडी घालून, समोर काच, तिच्यावर ८० नंबरचा एमरी पेपर, शेजारी पाण्याची वाटी. काकांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी की धारेला उतार देतच मागे जायचं नाही. त्यात जन्म जाईल. पातं आधी सरळ उभं धरायचं आणि धारच कागदावर घासून बोथट करायची, निळा भाग संपेपर्यंत. मन धजत नव्हतं. महिनाभर जी लावली तीच धार घासून टाकायची. पण तासाभरात निळं संपलं. अर्धा मिलिमीटर आणखी गेले, कारण काका म्हणाले की रंग जिथे संपतो त्याच्या थोडं पुढेपर्यंत नरमपणा असतो. पुन्हा कानस. या वेळी किंचित लागली, पण खाल्लं नाही.

आता पात्याला धारेच्या जागी दीड-दोन मिलिमीटरची सपाट भिंत होती. तिथून पुन्हा उतार काढायचा. मी पेटीतून कोन धरायचं चाकाचं साधन काढायला लागले तर काकांनी पात्याची जाडी नखांत धरली आणि तेच माप उतारावर दोनदा ठेवून दाखवलं.

"जाडीच्या दुप्पट उतार. झालं."

सर लगेच पुढे आले. जाडी भागिले उतार म्हणजे एक भागिले दोन, म्हणजे साइन ३०. "अहो, बरोब्बर तीस अंश!" काकांना त्याचं काही वाटलं नाही. सरांनी मात्र ते दिवसभरात चौघांना सांगितलं.

८० नंबरवर पाऊण तास. पाठ भरून आली, बोटांची टोकं सोलली, मध्ये बासरीवाल्या मुलानं दोनशे हात मारून दिले. उतार भिंतीला खात खात धारेपर्यंत पोचतो तो क्षण दिसत नाही, हाताला कळतो. पात्याच्या पाठीवरून बोट धारेकडे सरकवलं की केसासारखी बारीक तार लागते. ती डावीकडून उजवीकडे सगळीकडे लागली पाहिजे, कुठे तुटक नाही. माझी उजव्या कोपऱ्यात लागत नव्हती. आणखी वीस मिनिटं. मग दगड. काकांचा कार्बोरंडमचा दुतर्फी दगड, मध्ये नावेसारखा झिजलेला, म्हणून त्यांनी मला कडेकडेनं घासायला लावलं. मग पाठ सपाट टेकवून चार हात, की तार तुटते. मग कातडी पट्ट्यावर पॉलिशचा हिरवा मसाला लावून ओढायचं, धार मागे ठेवून.

हातावरचे केस भादरून बघायची आमच्यात पद्धत आहे. त्यामुळे आमच्यातले बरेचजण एका हातानं गुळगुळीत आहेत. काकांनी पात्याची धार अंगठ्याच्या नखावर नुसती टेकवली, दाब न देता. ती जागच्या जागी रुतली, घसरली नाही. "ठेवा," म्हणाले. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. बाकीच्यांचं जेवण होऊन गेलं होतं. माझ्यासाठी झाकून ठेवलेली भाजी-पोळी मी काळ्या बोटांनीच खाल्ली.

पूजेतही आम्ही चुकणारच होतो. दंतवैद्य ताईंनी हळद-कुंकू पाण्यात कालवून ठेवलं होतं. काकांनी वाटी बाजूला सरकवली. ओलं कुंकू लोखंडावर लावलं की उद्या त्याच्याखाली गंज. आधी प्रत्येक हत्याराला तेल, मग कोरडं कुंकू, तेही शक्यतो लाकडी मुठीवर. तेल कोणतं यावर एका संगणकवाल्यानं मोठ्या कौतुकानं जपानी कॅमेलियाच्या तेलाची बाटली काढली. काकांनी वास घेतला, किंमत विचारली, आणि आपल्या पिशवीतून शिलाई मशीनच्या तेलाची चपटी बाटली काढून तिचंच फडकं सगळीकडे फिरवलं. रंध्यांची पाती आत ओढून घेतली. रंधा आडवा ठेवावा की तळावर, यावर आमच्यात दोन वर्षं वाद चालू आहे. तो त्या दिवशी पुन्हा सुरू झाला तेव्हा काका म्हणाले, "पूजेत बसू द्या त्याला नीट." म्हणून तळावर.

पाटावर लाल कापड, त्यावर काकांचा वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, मधोमध. दांडा बाभळीचा, वडिलांच्या वेळचा, पातं तिसरं. त्याच्या दोन्हीकडे करवती, पटाश्या, माझा शेफिल्डचा रंधा, कुणाचा तरी सहा महिन्यांपूर्वी ऑनलाइन मागवलेला, काटकोन बघायचा चकचकीत गुण्या. झेंडू पावसानं काळवंडलेला मिळाला होता, त्यातला बरा निवडून हार केला होता. अक्षता, नारळ, गूळ-खोबरं. काकांनी मंत्र वगैरे म्हटले नाहीत. दोन्ही हात वाकसावर ठेवून तेच हात कपाळाला लावले आणि प्रत्येक हत्याराला तसंच केलं. त्या ऑनलाइनच्या गुण्यालाही.

त्यानंतर पाच वाजताच आम्ही मोकळे झालो. अकरा माणसं, चाळीसेक धार लावलेली हत्यारं, कोपऱ्यात सागवानाची फळी, आणि हात लावायचा नाही. कुणालाच काय करावं कळेना. एकानं फळी नुसती उचलून तिच्या रेषा कुठे वळतात ते पाहिलं आणि चोरासारखी खाली ठेवली. रात्री पाऊस आला आणि मी घरी अंथरुणात पडून पार्किंगच्या दमट हवेचा विचार करत राहिले. सकाळी जाऊन पाहते तर काकांनी जाताना कापडाखाली कापराच्या वड्या ठेवल्या होत्या. त्यांच्या पेटीतही त्या कायम असतात. कुठे लाल ठिपका नव्हता.

दसऱ्याची स्पर्धा तासाभरात संपली. साल काढायची, ताणून धरायची, ताईंनी तीन ठिकाणी मोजायची. बासरीवाल्या मुलाचे चौदा मायक्रॉन, पहिला नंबर. माझे एकोणीस, तिसरा. साल हवेत सोडली तर वाऱ्यानं वर गेली आणि दिव्याच्या तारेला अडकून राहिली. मी इतकी खूश झाले की काकांना बोलावून दाखवली.

"बरी आहे," ते म्हणाले. "पण ही फळी दोन मिलिमीटर उतरवायची आहे. ह्या सालीनं शंभर हात लागतील. एका जागी."

मग त्यांनी आपला लाकडी रंधा घेतला, पातं हातोडीच्या एका ठोक्यानं पुढे केलं आणि फळीवर तिरका, आडवा असा धरून जाड ढलप्या पाडायला सुरुवात केली. पंधरा मिनिटांत फळी सरळ. त्यानंतर म्हणाले, "आता तुमचा तो पातळ चालवा. शेवटचे चार हात." त्या चार हातांनंतर फळीवर जी चकाकी आली ती पॉलिश पेपरनं येत नाही, कारण कागद तंतू खरवडतो आणि पातं ते कापतं. एका ठिकाणी रेषा उलटी फिरली होती, तिथे माझ्या रंध्यानं टवका उडवला. काकांनी दुसऱ्या बाजूनं येऊन तो घालवला.

ही फळी पाटाची होती. पुढच्या नवमीला हत्यारं याच पाटावर मांडायची असं ठरलं होतं. खालच्या दोन पट्ट्या खिळे न मारता खाचेत सरकवून बसवायच्या, म्हणजे पावसाळ्यात फळी रुंदीला फुगली तरी फाटणार नाही. खाच वर अरुंद आणि आत रुंद, करवतीनं दोन तिरके काप घेऊन मधलं पटाशीनं काढायचं. एक खाच काकांनी कापली, दुसरी आम्ही सहाजणांनी मिळून. त्यांची पट्टी दोन ठोक्यांत बसली. आमची आधी जाईना, मग जरा तासली तर पाचर मारल्याशिवाय राहीना. दुपारी श्रीखंड-पुरी झाल्यावर तिच्यात बाभळीची बारीक पाचर ठोकली.

पट्ट्या रंधायचं काम माझ्याकडे होतं. एकोणीस मायक्रॉनची बाई, त्यामुळे कुणी तपासलं नाही. चारच्या सुमाराला पाट उलटा करून सरळ ठेवला, त्यावर सर बसले आणि उठले. पाट टकटक करत होता.

काकांची पाचची एसटी होती. सोनं देऊन-घेऊन झालं होतं, सगळ्यांच्या खिशांत आपट्याची पानं होती. काकांनी पाटाचे चारी कोपरे दाबून पाहिले, माझ्या पट्टीच्या डाव्या टोकाशी थांबले, खिशातलं एक पान काढून दुमडलं आणि खाली सरकवलं. पाट गप्प झाला.

"रविवारी काढू ते," म्हणाले आणि पिशवी उचलली.

ते फाटकाबाहेर जाईपर्यंत ताईंनी पान ओढून मायक्रोमीटरमध्ये धरलं होतं. दुमडलेलं, चारशे दहा.